खाडे आणि खांडे एकच कसे?

संपादक साहेब, नमस्कार.

मी घणसोलीला राहतो, महापेला एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो, आणि आज लिहायला बसलोय ते आत्याच्या पासबुकामुळे. आत्याचं आडनाव खाडे. मामांनी जन्मभर वाशी मार्केटला हमाली केली आणि जे काय साठलं ते कोपरखैरण्याच्या एका पतसंस्थेत ठेवलं. मध्यंतरी तिथे दोन दिवस 'सर्व्हर अपग्रेडचे काम चालू आहे' असा कागद चिकटवलेला होता, तिसऱ्या दिवशी आत्या पासबुक भरून घ्यायला गेली तर भलत्याच नोंदी छापून आल्या, हिने कधी काढलेच नाहीत ते पैसे काढलेले. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मावशी, सिस्टीमला असंच दिसतंय, तुम्हीच काढले असतील, आठवून बघा." दोन दिवस जेवली नाही बिचारी.

मग मी रजा टाकून गेलो. त्याला म्हटलं माझ्यासमोर नाव टाक. त्याने 'सुनंदा खाडे' टाकलं आणि स्क्रीनवर दोन ओळी, वर सुनंदा खांडे, खाली सुनंदा खाडे. "ही दोन वेगळी माणसं आहेत ना रे?" "हो दादा, पण आधी एकच यायचं." तिथेच माझी ट्यूब पेटली, वरची ओळ उचलली की आत्याच्या पासबुकात खांडे बाईंच्या नोंदी. (नुसत्या नावावरून खातं उचलणं हीच मुळात घोडचूक, पण ते भांडण वेगळं.)

दोन शब्द सारखे कधी मानायचे आणि यादीत आधी कुठला लावायचा, हे डेटाबेस ज्या नियमाने ठरवतो त्याला कोलेशन म्हणतात. ह्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल नावाच्या सॉफ्टवेअरवर, त्याची ५.७ आवृत्ती होती, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपला, म्हणजे अपग्रेड करायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ५.७ मध्ये यूटीएफएट एमबीफोरचं (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची एक पद्धत) डिफॉल्ट कोलेशन, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर आपोआप लागणारं, 'जनरल सीआय' होतं, ते देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह त्याला कॉम्प्युटरमध्ये दिलेल्या नंबरावरून बघायचं, अनुस्वार धरून. (सीआय म्हणजे केस इन्सेन्सिटिव्ह, इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर एकच धरायचं.) ८.० मध्ये डिफॉल्ट झालं '०९०० एआय सीआय'. हे एआय म्हणजे चॅटजीपीटीवालं नव्हे, अ‍ॅक्सेंट इन्सेन्सिटिव्ह. युरोपातल्या भाषांत अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असते ना, ती असली काय नसली काय शब्द एकच धरायचा, आणि त्याच पंगतीत आपला अनुस्वार, विसर्ग, नुक्तासुद्धा बसवलाय. म्हणजे नदी आणि नंदी एकच! मराठीसाठी वेगळं कोलेशन मायएसक्यूएलमध्ये नाहीच.

आणि गंमत म्हणजे हे कोणी मुद्दाम बदललंच नव्हतं. सर्व्हर जागेवर अपग्रेड केला तर जुन्या टेबलांचं कोलेशन आहे तसंच राहतं. पण ह्यांनी जुन्या सर्व्हरवरून डंप, म्हणजे सगळ्या टेबलांची रचना आणि माहिती उतरवून घेतलेली फाइल, काढून नव्यावर लोड केला, आणि कोलेशन डिफॉल्ट असेल तर ५.७ च्या डंपमध्ये फक्त कॅरेक्टर सेट (ते यूटीएफएट एमबीफोर) लिहिलेला असतो, कोलेशनचं नावच नसतं, मग ८.० ने आपलं डिफॉल्ट घातलं, ना एरर ना वॉर्निंग. नावावर युनिक की, म्हणजे तेच नाव दोनदा चालणार नाही असा नियम, असती तर निदान लोड होतानाच बोंब झाली असती. वर आणखी एक, नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस जुनं कोलेशन तुलनेत धरत नव्हतं, नवीन धरतं, त्यामुळे काही सभासदांचं नाव 'सापडतच नाही'. असे दोन आजोबा त्याच दिवशी रांगेत होते.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून विचारलं टेस्टिंग कशावर केलं, तर म्हणे "टेस्ट वन, टेस्ट टू अशी नावं टाकून, सगळं पास झालं सर". अहो, सभासद सातारा-सांगलीचे, नावं सगळी मराठीत, आणि टेस्टिंग टेस्ट वनवर! अपग्रेडच्या रात्री डंपमध्ये प्रत्येक टेबलाला जुनं कोलेशन नावानिशी लिहायचं, बदलायचंच असेल तर ते नंतर, वेगळं काम म्हणून, खरी नावं लावून बघून. तपासायला एक ओळ पुरते, सिलेक्ट 'खाडे' = 'खांडे'. त्यांच्या सर्व्हरवर उत्तर आलं १, म्हणजे दोन्ही एकच. तिथेच कोलेशन '०९०० एएस सीएस' (असली चिन्हं आणि लहान-मोठं अक्षर दोन्ही वेगळं धरणारं) लावून परत चालवलं तर ०, म्हणजे वेगळे.

आत्याचं पासबुक आता नीट झालंय. त्या खांडे बाईंना कोणी कळवलं का, असं मी निघताना विचारलं तर काउंटरमागे सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

– एक वाचक, घणसोली, नवी मुंबई