डेड वॅक्समधली तीन अक्षरं : रूडी व्हॅन गेल्डर यांना आभारपत्र

आदरणीय रूडी व्हॅन गेल्डर साहेब,

स. न. वि. वि.

ध्वनिमुद्रक म्हणून तुम्ही केलेल्या जॅझच्या रेकॉर्डिंगचं कौतुक जगभर झालं आहे, त्यात आमची भर कशाला? हे पत्र आहे ते एलपीवरची शेवटची ट्यून संपल्यावर लेबलच्या अलीकडे जी कोरी, चकचकीत पट्टी उरते, तिथे तुम्ही उमटवलेल्या तीन अक्षरांसाठी. आर, व्ही, जी : तुमच्या नावाची आद्याक्षरं. त्या पट्टीला जमवणारे लोक डेड वॅक्स म्हणतात. पुण्या-मुंबईत बसून न्यू यॉर्कच्या दुकानातली ब्लू नोट या जॅझ कंपनीची रेकॉर्ड मागवणाऱ्या माणसाला ती आधी ऐकता येत नाही, हातात घेता येत नाही. त्याच्यापाशी असतात फक्त चार फोटो. त्या चार फोटोंत खरं बोलणारी जागा एकच, आणि तिथे तुमची सही असते.

ही सही का मोलाची, हे नव्या जमवणाऱ्यांना पटकन कळत नाही. टेपवरून एलपी थेट निघत नाही. आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेली तबकडी कापायच्या यंत्रावर लावून तिच्यात खाच कापतात. त्या तबकडीवर निकेल चढवून उलटी प्रत घेतात, तिला फादर म्हणतात. फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परखाली तापलेलं व्हिनाइल दाबलं की तुमच्या-आमच्या घरातली रेकॉर्ड. बहुतेक कंपन्यांत रेकॉर्डिंग एकाचं आणि लॅकर दुसऱ्याचं असायचं. सेशनच्या वेळी खोलीत आवाज कसा होता, हे कापणाऱ्याला ठाऊकच नसायचं. तुम्ही दोन्ही कामं स्वतः केलीत. ज्याने मायक्रोफोन लावला त्यानेच खाच कापली, आणि म्हणून ती तीन अक्षरं म्हणजे नुसती सही न राहता जबाबदारी झाली.

दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचं, असं तुमचं १९५९ पर्यंत चाललं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘ब्लू ट्रेन’ त्याच दिवाणखान्यातलं, १५ सप्टेंबर १९५७ चं. मग एंगलवुड क्लिफ्सचा उंच लाकडी छताचा स्टुडिओ आला, आणि तिथे ९ डिसेंबर १९६४ ला ‘अ लव्ह सुप्रीम’. दोन्हींच्या आवाजातला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हॅकेनसॅकचा आवाज जवळचा, कोरडा, ट्रम्पेट वाजवणारा हातभर अंतरावर उभा असल्यासारखा. क्लिफ्सला झांजेभोवती हवा आहे. पियानो मात्र दोन्हीकडे जरा डब्यात ठेवल्यासारखा. हे तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नसती, पत्रात चालतं.

आता ही अक्षरं वाचायची कशी, ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांच्याही कामी येईल.

खोलीतला मोठा दिवा बंद करा. रेकॉर्ड कडेने धरा, मोबाइलची टॉर्च डेड वॅक्सच्या जवळजवळ समांतर, अगदी आडवी धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. सरळ वरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात आधी मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कापलेल्या त्या बाजूचा क्रमांक दिसेल, मग सही. पन्नाशीच्या दशकातल्या जुन्या लॅकरवर ती हाताने कोरलेली, थोडी वाकडीतिकडी. नंतर ठशाने उमटवलेली आरव्हीजी, स्टीरिओ प्रतीवर ‘आरव्हीजी स्टीरिओ’, आणि साठीच्या दशकात पूर्ण ‘व्हॅन गेल्डर’. त्याच पट्टीत आणखी एक खूण शोधायची : माणसाच्या कानासारखी दिसणारी. तो खरं म्हणजे वळणदार पी आहे, न्यू जर्सीच्या प्लॅस्टिलाइट कारखान्याचा. ब्लू नोटच्या रेकॉर्डी १९६६ पर्यंत तिथे दाबल्या जात. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर कान गेला.

फसवणूक नेमकी इथे होते. लेबलवरच्या पत्त्यावरून लोक वर्ष ठरवतात : आधी ७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, मग ४७ वेस्ट ६३, मग नुसतं न्यू यॉर्क यूएसए. पण छापलेली लेबलं शिल्लक राहिली की कारखाना ती वापरून टाकायचा. त्यामुळे एका बाजूला एक पत्ता, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशाही रेकॉर्डी सापडतात. लिबर्टीनेही सुरुवातीला जुनी न्यू यॉर्क यूएसए लेबलं लावून माल काढला. विकणारा लेबलचा फोटो टाकून ‘ओरिजिनल’ म्हणतो आणि दाम तिप्पट लावतो. म्हणून नियम सोपा : दोन्ही लेबलं आणि दोन्ही बाजूंचं डेड वॅक्स असे चार फोटो आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. कान आणि तुमची सही दोन्ही असतील, तर प्रत १९६६ किंवा त्याआधीची. सही आहे, कान नाही, तर लिबर्टी किंवा त्यानंतरची. दोन्ही नाहीत, तर ती दुसऱ्या कुणीतरी कापलेली, आणि कव्हरवर बारकोड असेल तर पुढचं बोलणंच नको. लेबलभोवतीच्या खोल गोल खाचेवर, म्हणजे डीप ग्रूव्हवर, फार विसंबू नये. ती दाबायच्या यंत्राच्या साच्यामुळे पडते आणि उशिराच्या प्रतींवरही एखाद्या बाजूला सापडते.

खिशाला परवडण्याचा विचार केला तर आमचे सर्वांत मोठे आभार मधल्या प्रकारासाठी आहेत. लिबर्टीने बऱ्याच वेळा तुमच्याच लॅकरवरून आलेला धातू वापरला. म्हणजे कान नाही, भाव निम्म्याहून कमी, पण खाच तुम्ही कापलेली. शेल्फवर मिरवायला पहिली प्रत हवी असेल त्याने ती खुशाल घ्यावी. ऐकणाऱ्याने ‘व्हॅन गेल्डर’ ठसा असलेली स्वच्छ लिबर्टी घ्यावी आणि उरलेल्या पैशात चांगली पिन.

मोनो-स्टीरिओच्या वादातही तुमच्या कामाच्या पद्धतीनेच वाट दाखवली. १९५८ च्या अखेरीपर्यंतच्या मोनो टेपा वेगळ्या केलेल्या. त्यानंतर तुम्ही दोन चॅनेलची एकच टेप करू लागलात आणि मोनो तिच्यावरूनच, दोन्ही बाजू एकत्र करून, कापलं. याचा व्यवहारी अर्थ असा की ‘ब्लू ट्रेन’ मोनोत शोधण्याला कारण आहे. पण ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या १९६३ च्या ‘द साइडवाइंडर’ची मोनो प्रत स्टीरिओपेक्षा महाग मिळत असेल, तर स्टीरिओ घ्यावी आणि ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबावं. ऐकायला मिळतं ते जवळजवळ तेच. सॅक्सोफोन एका भिंतीला आणि ड्रम दुसऱ्या भिंतीला टांगल्यासारखा वाटत असेल, तरी हाच उपाय.

खऱ्या मोनो प्रतीवरही ते बटण दाबलेलंच बरं. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. पिनची उभी हालचाल म्हणजे धूळ, ओरखडे, झीज. स्टीरिओ कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेला टोनआर्मच्या टोकाचा छोटा भाग, ती इमानदारीने उचलतं. दोन चॅनेल एकत्र केले की उभा भाग एकमेकांना खोडून टाकतो आणि खरखर निम्म्यावर आल्यासारखी वाटते. मोनो कार्ट्रिज घेणार असाल तर पिनचं टोक १ मिल, म्हणजे साधारण २५ मायक्रॉनचं, जुन्या मोनो खाचेत छान बसतं. स्टीरिओचं गोल टोक ०.७ मिलचं असतं. जुन्या बनावटीची काही मोनो कार्ट्रिजं उभी हलतच नाहीत, ती स्टीरिओ रेकॉर्डवर चुकूनही ठेवू नयेत. त्यांनी खाच खरवडली जाते.

आणि तुम्ही आवाज मोठा कापायचात, साहेब. फार मोठा. ली मॉर्गनचा ट्रम्पेट वरच्या पट्टीत गेला की खाच इतकी जोरात वळते की ढिली पिन भिंत सोडून उडते आणि ‘चर्र’ होतं. लोक रेकॉर्ड झिजली म्हणून परत पाठवतात, दोष बऱ्याचदा पिनच्या भाराचा असतो. कार्ट्रिजला १.५ ते २ ग्रॅमची मर्यादा दिलेली असेल, तर तुमच्या रेकॉर्डींना वरच्या टोकाजवळ, १.८ ते २ वर ठेवावं. हलकी पिन रेकॉर्डला जपते, हा गैरसमज आहे. उडणारी पिन जड पिनेपेक्षा जास्त नुकसान करते. टोनआर्मच्या आकड्यावर न विसंबता छोटा डिजिटल वजनकाटा घ्यावा.

तरीही बाजूच्या शेवटच्या ट्यूनमध्ये चरचर राहिली, तर त्यामागे भूमिती आहे. तेहेतीसच्या गतीला रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच नागमोड्या निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेल्या असतात. कार्ट्रिज आर्मवर एखाद-दीड मिलिमीटर जरी पुढेमागे बसलं असेल, तरी ते इथे उघडं पडतं. प्रोट्रॅक्टरच्या, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या कागदावर, मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंवर कार्ट्रिज रेषांशी समांतर करून घ्यावं, मग रेकॉर्डला नावं ठेवावीत. दोन्ही जुळूनही ट्रम्पेट फाटत असेल तर समजावं, की पूर्वीच्या मालकाने ती पाच-सहा ग्रॅमच्या सिरॅमिक पिनेवर वाजवली आहे. असली झीज डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यामुळे विकत घेताना ‘वाजवून पाहिली का, आणि शेवटची तीन मिनिटं कशी आहेत?’ एवढं विचारावं.

तुमच्या न्यू जर्सीत ज्याची कल्पना नसेल असा आमचा शत्रू म्हणजे पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रेकॉर्डवर पांढुरके ठिपके येतात. ती बुरशी. तिची खरखर ओरखड्यासारखी टकटक करत नाही, तव्यावर पाणी उडाल्यासारखी सलग चुरचुरते. एक लिटरचं मिश्रण असं : ८०० मिलि डिस्टिल्ड पाणी, २०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. नळाचं पाणी नको, घरच्या फिल्टरचंही नको. त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि नवीच टकटक सुरू होते. लेबल झाकावं, मिश्रण पसरून दोन-तीन मिनिटं थांबावं, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरावं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुऊन उभी वाळवावी. पंख्याखाली नाही, पंखा धूळ आणून चिकटवतो. जुनं कागदी आतलं पाकीट बुरशीसकट परत वापरलं तर सगळी मेहनत वाया. ते वेगळं ठेवून पॉलिथीनचं नवं पाकीट घालावं. बाहेरून पीव्हीसीचं जाड कव्हर टाळावं, ते वर्षानुवर्षं लागून राहिलं की व्हिनाइलवर धुकं चढतं.

एक सावधगिरी. ज्यांच्याकडे तुमच्या रेकॉर्डींशेजारी मुंबईच्या जुन्या जॅझच्या, गोव्यातल्या आल्डोनाच्या चिक चॉकलेटसारख्या वादकांच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या आहेत, त्यांनी हे मिश्रण त्यांना लावू नये. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांना अल्कोहोल वगळून तेच पाणी, आणि वाजवायला ३ मिलची जाड पिन.

शेवटी थोडं अवघड बोलायचं आहे. तुम्हाला एलपी आवडत नसे. आवाज सर्वांत जास्त बिघडवते ती एलपीच, असं तुम्ही मुलाखतीत सांगून मोकळे झालात, डिजिटल आल्यावर तुम्हाला बरं वाटलं, आणि १९९९ पासून स्वतःच्याच जुन्या टेपा सीडीसाठी नव्याने तयार केल्यात. हजारो लॅकर कापलेल्या माणसाचं हे मत आहे, तेव्हा खोडायचं कसं? पण टेपेवरचं सगळं त्या अरुंद खाचेत बसवताना काय सोडायचं आणि काय राखायचं, हे तुम्ही प्रत्येक बाजूला ठरवलंत. त्या सीड्यांपेक्षा आम्हाला तुमचे ते निर्णय जास्त आवडतात. याबद्दल रागावू नये.

कळावे, लोभ असावा.

आपले,
आडव्या टॉर्चने रेकॉर्डी वाचणारे काही श्रोते

ता. क. जपानच्या किंग कंपनीच्या सत्तरीतल्या ब्लू नोट प्रती शांत आणि स्वच्छ दाबलेल्या असतात, घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्या डेड वॅक्समध्ये तुमचं नाव नाही; त्या तिकडेच कापलेल्या. विकणारा ‘व्हॅन गेल्डर कट’ म्हणून किंग दाखवत असेल तर टॉर्च काढावी.