दुसऱ्यांदा पाठवीत असलेली डीव्हीडी

कोलोन, दि. ८ मार्च २०२६

तीर्थरूप दादा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आजीला समोर बसवून, गल्लीतल्या चार बायकांना बोलावून मी पाठवलेली इथल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीची डिस्क लावली आणि पडद्यावर काहीच आले नाही, हे आईने सांगितल्यापासून मला चैन नाही. दोष प्लेअरचा नाही, माझा आहे. तेव्हा तो दुरुस्तीला टाकू नये.

मी केले असे की, टीव्हीच्या वाहिनीवरून रेकॉर्ड झालेली फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली. आमच्या इमारतीच्या छतावरच्या छत्रीवर येणारे चित्र १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे आणि सेकंदाला ५० चौकटींचे असते व ते एच.२६४ पद्धतीने दाबून भरलेले असते. आपल्या जुन्या प्लेअरला मात्र एमपेग-२ ही जुनी पद्धत एवढीच कळते, तेही ७२० गुणिले ५७६ या मापात आणि सेकंदाला २५ चौकटींचे. शिवाय त्याला व्हिडिओ_टीएस नावाच्या कप्प्यात ठरावीक फाइली लागतात. त्या नसल्या की डिस्क त्याच्या लेखी कोरी. या वेळी एफएफएमपेग या संगणकावरच्या प्रोग्रामने चित्राचे रूपांतर केले, आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवला, डीव्हीडीऑथर या दुसऱ्या प्रोग्रामने तो कप्पा बांधला आणि डिस्क सावकाश जाळली, म्हणजे तिच्यावर हे सगळे उतरवले. मिरवणुकीची मूळ फाइल साडेचार तासांची, वीस जीबीच्या आसपास होती. डिस्कमध्ये मावतात ४.७ जीबी. एफएफएमपेगच्या नेहमीच्या मापाने दोन तासही बसेनात, म्हणून सेकंदाला एकूण ५ मेगाबिट धरून निवडक दोन तास ठेवले आहेत. चित्र किंचित मऊ दिसेल, पण आजीच्या चष्म्याला ते जाणवणार नाही.

परदेशातली डिस्क भारतात चालत नाही, हे दुकानदाराचे म्हणणे विकतच्या सिनेमांपुरते खरे आहे. त्या डिस्कांना देशांच्या विभागाचे कुलूप असते; इथला विभाग २, आपला ५. घरी जाळलेल्या डिस्कला असे कुलूप नसते, आणि जर्मनी व भारत दोन्हीकडे पाल ही एकच टीव्ही-पद्धत चालते, म्हणून तीही अडचण नाही. माणसे उंच आणि वाळलेली दिसली, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ४:३ लेटरबॉक्स निवडावे. मी वाळलेलो नाही, हे आईला मुद्दाम सांगावे.

टीव्हीवर पैसे उडवतोस, असे दादा म्हणाले. दादा, मी टीव्ही घेतलेलाच नाही. रेकॉर्डिंग लॅपटॉपला जोडलेल्या डबीवर होते. परंतु इथे टीव्ही नसला तरी टीव्हीचे पैसे भरावे लागतात, आणि हे मला अजूनही पटलेले नाही. नगरपालिकेत राहण्याचा पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत घरी पत्र येते. मी प्रामाणिकपणे कळवले की माझ्याकडे टीव्ही नाही, रेडिओही नाही. उत्तर आले की तो प्रश्नच नाही; २०१३ पासून आकारणी यंत्रावर नसून घरावर आहे. म्हणजे घरात एक माणूस असो की सात, टीव्ही चार असोत की एकही नसो, महिन्याला १८.३६ युरो. आपल्याकडे विहीर नसलेल्याला मोटारीचे बिल यावे, तसे हे. त्यातून सार्वजनिक वाहिन्या चालतात. आम्ही तिघे एका घरात असल्याने वाट्याला ६.१२ येतात, एवढाच दिलासा. भरतोच आहे, तर आजीसाठी दोन तास काढून घेतले, यात उधळपट्टी कोणती?

मिरवणुकीत नॉयमार्क्टचा चौक येतो, तिथे चित्र थांबवून आजीला दाखवावे; मी रोज ट्रामची वाट पाहतो ती जागा तीच. मी मात्र त्यात नाही. त्या दिवशी घरीच होतो, रेकॉर्डिंग अर्ध्यावर तुटू नये म्हणून.

दोन सारख्या प्रती हैदराबादला उतरणाऱ्या मित्राबरोबर देत आहे. एक बिघडली तर दुसरी असावी. त्याच्याचबरोबर अक्काच्या लग्नासाठी थोडी रक्कम पाठवली आहे, उरलेली एप्रिलच्या पगारातून बँकेत जमा करीन. त्यासाठी सोयाबीन पडत्या भावात विकू नये. उदगीरच्या स्थळाला माझ्याकडून नाही म्हटलेले नाही, फक्त अक्काचे आधी होऊ द्यावे. वेळअमावास्येलाही नव्हतो, आता साखरपुड्यालाही नसणार. सुटी मिळते का, ते दोनदा विचारून पाहिले. अक्का रागावली असेल, तर तिला काही समजावू नये, मीच बोलेन.

फोटोग्राफरला एवढे जरूर सांगावे की आम्हाला डीव्हीडी नको, कॅमेऱ्यातली मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये दे. काटछाट मी इथे करीन. आणि आजी पुढच्या रांगेत बसेल, असे पाहावे.

आपला,
बाळू