न छापलेली जाहिरात १५० पैकी ८७ वाचकांना दिसली कशी?

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
पुणे कार्यालय

विषय : छापूनच न आलेल्या जाहिरातीचा पाहणी अहवाल आणि त्यापोटी घेतलेले १८,००० रुपये

काल दुपारी तुमच्या ऑफिसला सहावा फोन केला. सातवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

एप्रिलमधल्या तीन रविवारी आमच्या गाद्यांच्या दुकानाची जाहिरात एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत पान ५ वर यायची होती. ती वाचकांना दिसते की नाही, हे मोजायचं काम तुमच्याकडे होतं. पहिले दोन रविवार जाहिरात आली. तिसऱ्या रविवारी आयत्या वेळी आलेली ई-निविदा सूचना तिच्या जागी लागली आणि आमची जाहिरात काढली गेली. पेपरवाल्यांनी सोमवारीच चूक लेखी कबूल केली, पैसेही वळते केले. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

तुमच्या अहवालात तिसऱ्या रविवारचे आकडे असे आहेत : जाहिरात दिसली, १५० पैकी ८७. दुकानाचं नाव ओळखलं, ६४. निम्म्याहून जास्त मजकूर वाचला, ३६. त्या पानावर आमच्या दुकानाचं एक अक्षरही नव्हतं. मग या ३६ माणसांनी वाचलं तरी काय?

हेच मी काल तुमच्या अधिकाऱ्याला विचारलं. आधी त्याने मला नऊ मिनिटं थांबवलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, उशीच्या खोळींचा भाव विचारत होतं, आणि मी फोन कानाला लावून हाताने त्याला थांबा म्हणत होतो. शेवटी तो लाइनवर आला आणि म्हणाला, "काका, छापली नसूनही एवढ्यांना दिसली, म्हणजे तुमचं नाव लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. उलट तुम्ही खूश व्हायला पाहिजे." मी म्हटलं, "अहो, मी नावाचे नाही, त्या पानावरची जाहिरात मोजायचे पैसे दिलेत. तुमच्या माणसांनी वाचकांसमोर त्या दिवशीचा पेपर उघडला होता का, तेवढं सांगा." तो म्हणाला, फील्डची पद्धत गोपनीय असते. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "काका, तुमचा गाद्यांचा धंदा. हे आकडे टेक्निकल असतात, तुम्हाला नाही कळायचे." आणि फोन ठेवला.

चव्वेचाळीस वर्षं मी दुकानात बसतोय. कापूस नवा की जुना पिंजून भरलेला, हे मला खोळ न उसवता हाताने कळतं. गिऱ्हाइकाला ते कळत नाही म्हणून मी कधी खोटा भरला नाही.

आणि तुमचं टेक्निकल मी समजून घेतलं आहे. माझी मुलगी याच विषयात शिकली आहे. दिसली, नाव ओळखलं, निम्म्याहून जास्त वाचली, ही तुमच्या अहवालातली तीन मापं अमेरिकेतल्या डॅनियल स्टार्च यांची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून ती वापरात आहेत. त्या पद्धतीत वाचकासमोर तोच अंक ठेवून एकेक पान उलटत विचारायचं असतं. पान ५ उघडलं असतं तर तुमच्या माणसाला तिथे निविदा दिसली असती. म्हणजे पेपर उघडलाच नाही. सुटं कात्रण नाहीतर मोबाइलवरचा फोटो दाखवला, किंवा तेही केलं नाही.

घरी आलेल्या माणसाने "ही पाहिलीत का?" असं विचारलं, की आपल्याकडे लोक भिडेखातर हो म्हणतात. त्यासाठी कधीच न छापलेल्या काही जाहिराती मुद्दाम मध्ये घालतात आणि त्यांना मिळालेला होकार वजा करून खरा आकडा काढतात. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही. माझी तिसऱ्या रविवारची जाहिरात नेमकी तशीच होती. ८७ हा तुमच्या पाहणीतल्या चुकीचा आकडा आहे, आणि तो तुम्ही मला यश म्हणून विकलात.

अहवालाच्या पहिल्या पानावर पेपरचा खप आणि वाचकसंख्या मोठ्या अक्षरात आहे. त्याचा इथे काय संबंध? १९४८ साली स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स प्रती किती खपल्या ते प्रमाणित करते. इंडियन रीडरशिप सर्व्हे हा पेपर कोण वाचतं ते पाहण्यासाठीचा. कराडच्या घरात पाचवं पान उलटलं का, आणि डाव्या कोपऱ्यातल्या आठ बाय बारा सेंटिमीटरवर नजर गेली का, हे दोन्हीकडून कळत नाही. तेवढ्यासाठीच तुम्हाला पैसे दिले होते.

माझ्याकडे माझी वही आहे. जाहिरातीत वेगळा मोबाइल नंबर दिला होता, तो दुसरीकडे कुठेच दिलेला नाही. पहिल्या रविवारनंतर आठवड्यात १७ फोन. दुसऱ्यानंतर ११. तिसऱ्यानंतर २, आणि त्या दोघांनीही आधीचीच जाहिरात पाहिली होती. उंब्रजच्या एका ताईंनी कात्रण कॅलेंडरमागे खोचून ठेवलं होतं, लेकीच्या लग्नाच्या गाद्यांसाठी. ते मला कळलं कारण मी विचारलं आणि लिहून ठेवलं.

तुमचं नाव मी आमच्या व्यापारी संघटनेत स्वतः सुचवलं होतं. दोघांनी माझ्या शब्दावर तुम्हाला काम दिलं. त्यांना आता मी काय तोंड दाखवू, याची मला खरी लाज वाटते आहे.

पंधरा दिवसांत १८,००० रुपये परत करा. १५० घरांचे भरलेले मूळ फॉर्म दाखवा. आणि तिसऱ्या रविवारचे आकडे खोटे आहेत हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. पैशांइतकंच मला ते पत्र हवं आहे. नाहीतर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा माणूसही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक ठरू शकतो, हे वकिलांना विचारून झालं आहे.

न छापलेली जाहिरात ८७ जणांना दिसली, याचा खुलासा त्या अधिकाऱ्याने नाही, तुम्ही स्वतः करायचा आहे.

आपला,
गादी विक्रेता, कराड

सोबत : तिसऱ्या रविवारची पूर्ण पुरवणी, पान ५ वर खूण केली आहे. पेपरवाल्यांच्या पत्राची आणि वहीच्या चार पानांची झेरॉक्स.