पेन ड्राइव्ह पाठवतोय, सोबत हे पत्र

औसा, जि. लातूर
येळवशीनंतरचा रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, तू येणार म्हणून मायनं आंबिलाचा एक तांब्या वेगळा काढून ठेवला होता. तुला रजा मिळाली नाही हे मी तिला शेतात पोचल्यावर सांगितलं. तोवर ती गाडीरस्त्याकडंच बघत होती. बाकी सगळं नीट पार पडलं. कडब्याची कोप (खोपी) यंदा मोठी केली होती, भज्जीला चव आली होती, उंडे पुरून उरले. ज्वारी जोरात आहे. हरभऱ्यावर मात्र थोडी मर दिसायली.

परवा फोनवर तू म्हणालास, "सगळी गाणी फुकट वाजायलीत अन् तू पैसे मोजून काहून घ्यायलास?" मी सांगायला लागलो तेवढ्यात तुझी बस घाटात शिरली आणि फोन कटला. मग मीही परत लावला नाही. दोन वाक्यांत सांगून भागणार नव्हतं. आज दुपार मोकळी आहे, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या येळवशीपासून सुरू करतो. मी तीन वर्षं एका गाण्याच्या ॲपचे वर्षाचे पैसे न चुकता भरत होतो. त्यात 'डाउनलोड' केलेली गाणी चौदाशेच्या वर गेली होती. रात्र-रात्र बसून एकेक शोधलेली. अभंग वेगळे, गवळणी वेगळ्या, मायला आवडणारी जुनी भावगीतं वेगळी. मोबाईलमध्ये उतरवलीत म्हणजे ती आपलीच झाली, असं मी धरून चाललो होतो. आपल्या शेतात विहिरीच्या पलीकडं रेंज जाते हे तुला माहीतच आहे. तीस-पस्तीस माणसं जेवायला बसलेली, मी स्पीकर जोडला, बटण दाबलं. काहीच वाजेना. पडद्यावर सगळ्या गाण्यांची नावं करडी पडली होती आणि खाली सूचना होती, इंटरनेट जोडून सदस्यत्व तपासा. त्याआधी अठरा दिवस मी लातूरला मायजवळ दवाखान्यात होतो, त्या धावपळीत पैसे भरायची तारीख निघून गेली होती. कोपीजवळ बसलेली माय म्हणाली, "तू तर पैसे भरले होतास ना रे?"

तेवढ्यात बाळूनं ट्रॅक्टरच्या टेपमधला पेन ड्राइव्ह काढून स्पीकरला लावला. धुळीनं माखलेला, टोपण हरवलेला. लगेच गाणं सुरू झालं. ते गाणं मी २०१२ साली विकत घेतलेलं होतं, तेव्हाच आपल्या ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलं होतं. त्या दुकानाकडं मी पुन्हा येतो.

घरी आल्यावर मी हा सगळा प्रकार मुळापासून समजून घेतला. ॲपमध्ये उतरवलेलं गाणं खरोखर आपल्या मोबाईलमध्येच असतं. पण ते कुलूपबंद असतं आणि किल्ली असते कंपनीच्या सर्व्हरवर. ॲप अधूनमधून सर्व्हरला विचारतं, या माणसाला उघडून देऊ का? तिकडून होकार आला नाही तर आपल्याच मोबाईलमधली फाइल आपल्याला उघडत नाही. याला डीआरएम म्हणतात. तुला आठवतं का, आज्जा पेवाबद्दल, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्याबद्दल, सांगायचे? ज्वारी आपल्या रानातली, पेव आपल्या वाड्यातलं, पण देणं फिटेपर्यंत सावकाराच्या माणसाला विचारल्याशिवाय दगड हलवायचा नाही. मला तेच आठवलं.

भाड्यानं घेतलेली वस्तू परत जाणार, याबद्दल माझी तक्रार नाही. महिन्याच्या पैशात लाखो गाणी ऐकायला मिळतात हा व्यवहार वाईट नाही, नवीन गाणी शोधायला मी आजही ते वापरतो. पण विकत घेतलेल्या गाण्यालाही एके काळी हेच कुलूप होतं. ॲपलनं २००३ साली आयट्यून्स हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं, तेव्हा तिथं घेतलेलं गाणं ठराविक संगणकांवरच चालायचं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानानं तर २००८ साली गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. म्हणजे संगणक बदलला की पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी. लोकांनी फार ओरड केली तेव्हा ती मुदत वाढवली. त्याच वर्षी याहू कंपनीनंही आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं. सोनी बीएमजीची २००५ सालची गोष्ट याहून वाईट. त्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या की न सांगता एक लपलेला प्रोग्राम आत बसायचा आणि त्यानं संगणकाची सुरक्षाच पोखरली जायची. चोरून उतरवणाऱ्याला यातला कसलाच त्रास नव्हता. त्रास झाला तो दुकानात जाऊन पैसे देणाऱ्याला. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं एक जाहीर लेख लिहून हे कुलूप काढा असं गाण्यांच्या कंपन्यांना सांगितलं. त्याचा मुद्दा साधा होता. २००६ साली ऑनलाइन विकली गेलेली कुलूपबंद गाणी २ अब्जांहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी सीडीवर कुलपाविना विकलेली गाणी २० अब्जांहून जास्त. मोठं दार सताड उघडं आणि खिडकीला मात्र कडी! त्यानंतर दोन वर्षांत, २००९ मध्ये, आयट्यून्सवरच्या सगळ्या गाण्यांचं कुलूप निघालं.

आता ते २०१२ चं दुकान. फ्लिपकार्टनं त्या वर्षी 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान सुरू केलं होतं. एमपीथ्री फाइल, कसलं कुलूप नाही, एकेक गाणं थोडक्या रुपयांत. मी तेव्हा तालुक्याच्या नेट कॅफेत बसून चाळीसेक गाणी घेतली होती. आपल्याकडं त्या काळात लातूरच्या गंजगोलाईत मेमरी कार्ड भरून मिळायचं, वीस-तीस रुपयांत गच्च. आपण दोघांनी किती वेळा भरून आणलंय. त्यात गाणाऱ्याला एक पैसा जात नव्हता, हे तेव्हा आपल्या मनातही आलं नाही. ही चाळीस गाणी मी आयुष्यात पहिल्यांदा रीतसर विकत घेतली होती. ते दुकान जून २०१३ मध्ये बंद पडलं. पण गाणी वाजतातच आहेत, मागच्या येळवशीलाही वाजली. विकणारा गेला तरी विकलेली वस्तू राहिली.

दत्ता, याची मला फार हळहळ वाटते. दहा-पंधरा रुपयांसारखी छोटी रक्कम ऑनलाइन भरायची सोपी सोय तेव्हा नव्हती, दुकान बंद पडायचं ते एक मोठं कारण होतं. यूपीआय आलं २०१६ मध्ये. आज बस स्टँडवर चहाचे दहा रुपये मोबाईलवरून देतात, कोथिंबिरीच्या जुडीचे पाच देतात. आता पैसे द्यायची सोय गावागावात आहे आणि ते दुकान नाही. आज कुणी मराठी गाण्यांचं तसं दुकान उघडलं, दहा रुपयांत एक गाणं, फाइल कायमची आपली, तर आपल्या भागातली भजनी मंडळं, भारुडवाले, भीमगीतं गाणारे शाहीर यांचं किती भलं होईल! आज त्यांचं गाणं लाखो वेळा वाजतं आणि त्यांना पुढच्या कार्यक्रमाच्या सुपारीची वाट बघावी लागते.

सध्या मी कुठून घेतो ते सांगतो, कारण तू विचारशीलच. चित्रपटातली, जुन्या कंपन्यांची गाणी हवी असतील तर आयट्यून्स स्टोअर. ते भारतात डिसेंबर २०१२ पासून आहे. त्यासाठी आयफोन लागत नाही, साध्या विंडोज संगणकावरही चालतं. नीट लक्ष ठेव, 'विकत घ्या' ते वेगळं आणि ॲपल म्युझिकचं महिन्याचं सदस्यत्व ते वेगळं. सदस्यत्वातून उतरवलेल्या गाण्याला कुलूप असतं, विकत घेतलेल्याला नसतं. फक्त त्या फाइलच्या पोटात घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल लिहिलेलं असतं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, शाळेच्या पुस्तकावर आपण नाव घालायचो तसंच ते.

स्वतंत्र गाणारे-वाजवणारे असतील तर बँडकॅम्प हे परदेशी ऑनलाइन दुकान. किंमत कलाकार ठरवतो, आपल्याला वाटलं तर जास्त देता येते. विकल्या गेलेल्या फाइलवर ते साधारण १५ टक्के घेतात, पैसे भरून घ्यायचा खर्च वेगळा, उरलेलं कलाकाराला जातं. काही ठराविक शुक्रवारी आपला वाटाही सोडतात, ही पद्धत त्यांनी २०२० च्या मार्चपासून, सगळ्यांचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा सुरू केली. पहिल्या खरेदीला माझी संध्याकाळ गेली. यूपीआय शोधत बसलो, सापडलं नाही. कार्ड टाकलं तर नाकारलं. मग कळलं की कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो आपण चालू करायचा असतो. गाणी उतरली की मी तो पुन्हा बंद करून टाकतो, तूही तसंच कर. बँक वरचे थोडे पैसे कापते, तेही धरून चल.

तिथं एकदा पैसे दिले की फाइल कोणत्या प्रकारात हवी ते विचारतात. मी दोन उतरवतो. फ्लॅक म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काहीही न गाळलेली फाइल, ती जपून ठेवायला. आणि ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्री रोजच्या वाजवण्याला. पाच मिनिटांचं गाणं त्यात साधारण १२ एमबी होतं, ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर अडीच हजारांच्या वर गाणी बसतात. मायच्या देवळीतल्या छोट्या स्पीकरला फ्लॅक कळत नाही, ट्रॅक्टरच्या टेपलाही नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला नाही तर हे स्पीकर तो ओळखतच नाहीत. आणि देवनागरीत नाव दिलं की टेपच्या पट्टीवर नुसते चौकोन येतात, म्हणून मी फाइलला आकडे देतो. ०१ ते २० पहाटेची, २१ पासून पुढची दुपारची. मायला आता नीट दिसत नाही, पण पुढचं गाणं लावायचं बटण तिला बोटानं सापडतं. पहाटे चारला लाईट असो नसो, ती उठते आणि लावते. कुणाला पासवर्ड विचारत नाही.

एक जपून सांगतो. ॲपमधल्या गाण्याचं कुलूप तोडून देणारे प्रोग्राम मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५-अ कलम आलं, त्यात हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि मला तसं करायचंही नाही. ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून उघडी फाइल हातात दिली, त्यांच्याकडून घ्यावं. आणि घेतलेल्या फाइलच्या दोन प्रती ठेव, एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दुकानांचे मालक बदलतात. बँडकॅम्पच २०२२ मध्ये एकानं घेतलं, २०२३ मध्ये दुसऱ्याला विकलं.

आणि त्या विश्वासाखातरच विकत घेतलेलं एकही गाणं मी या पेन ड्राइव्हवर टाकलेलं नाही. टाकता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. पण कुलूप नाही म्हणून वाटत सुटायचं असं मी केलं तर उद्या कुलूप लावणाऱ्यांना मी काय तोंडानं बोलू? आवडलेल्या आठ-दहा जणांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, तू ऐकून बघ आणि मनात भरलं तर घे. तुझी पोरगी आणि तिचे मित्र पुढच्या महिन्यात गाणी रेकॉर्ड करायलेत ना, तिलाही सांग. ॲपवर खुशाल ठेवा, पण एके ठिकाणी विकायलाही ठेवा, कुलपाविना. पहिली खरेदी माझी असेल. मी कार्ड चालू करून बसतो.

पेन ड्राइव्हवर जे आहे ते आपल्या घरचं आहे. दिवाळीनंतर मी मायच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. आधी तिला खाटेवर बसवून गायला लावलं तर दोन ओव्यांपुढं शब्दच आठवेनात. म्हणाली, "जातं फिरल्याबिगर कसं यील?" मग गोठ्यातलं जातं धुऊन आणलं, नवा खुंटा बसवला, पायलीभर ज्वारी घेतली. खुंट्याला हात लागला आणि दीड तास थांबली नाही. मोबाईल मी पोत्याच्या घडीवर ठेवला होता, म्हणून सुरुवातीच्या दोन फाइलींत जात्याची घरघर जरा जास्त आहे. मध्ये मध्ये आवाज थांबतो तिथं तिनं जात्याला घास घातलाय. ते मी कापलं नाही.

एकूण अकरा फाइली आहेत. कुणालाही दे, कुठंही वाजव, मायनं तशी परवानगी दिली आहे. आधी ०७ लाव. लेकरांच्या ओव्या आहेत त्यात. माझं नाव, ताईचं नाव झाल्यावर ती जरा थांबते, एक घास घालते, आणि मग तुझं नाव घेते.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
विठ्ठल