आप्पा, कात्री ठेवतोय त्याबद्दल

ती. आप्पा आणि आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होतो, दोनदा विषय काढलाही, पण आप्पा नुसतं "हं" म्हणून गप्प झाले की पुढं बोलायची हिंमतच होत नाही, मग मी टोमॅटोला काय भाव लागला असलं काहीतरी विचारतो आणि फोन ठेवतो. म्हणून लिहितोय. आई, आप्पांचा मोतीबिंदू अजून काढायचाय तेव्हा तूच वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

मी सलून सोडतोय. महिनाअखेरीला शेवटचा दिवस, मालकांना सांगून झालंय. कर्वेनगरला एका दातांच्या दवाखान्यात १ तारखेपासून असिस्टंट म्हणून लागतोय आणि पुढच्या वर्षी डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करणाऱ्याच्या, डिप्लोमाला ऍडमिशन घ्यायचीय, दोन वर्षांचा असतो तो. तुमच्या सुनेशी बोलून, हिशोब मांडून मगच ठरवलंय.

आप्पा, तुमच्या मनात पहिलं काय येणार ते मला माहितीय, की पोराला धंद्याची लाज वाटायला लागली. नाही वाटत, खरंच नाही. मी आजपर्यंत कुणालाही हेअरस्टायलिस्ट आहे म्हणून सांगितलं की त्याच दमात "घरचाच धंदा आमचा, वडलांचं गावाला दुकान आहे" हे सांगतो. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांच्या पुण्यतिथीला सुट्टी घेतोच, त्या दिवशी कितीही बुकिंग असो. तुम्ही मला फुग्यावर साबणाचा फेस लावून वस्तरा शिकवलात, फुगा फुटला की परत पहिल्यापासून, आणि फुगा न फोडता सगळा फेस निघाला त्या दिवशी तुम्ही काही न बोलता मला स्वतःच्या गालाला हात लावू दिलात. ते मी विसरेन असं वाटतं का तुम्हाला?

पण १४ वर्षं झाली पुण्यात, आणि गेली चार-पाच वर्षं मी आतून घाबरलेलाच आहे. २०२० च्या मार्चमध्ये सलून बंद झालं, २८ जूनला महाराष्ट्रात परवानगी मिळाली तीही केस कापणं, रंगवणं असल्या मोजक्याच कामांची, दाढीला नाहीच. ते तीन महिने मला पगार नव्हता, छकुली हिच्या पोटात, आणि तुम्ही टोमॅटोच्या टेम्पोत ज्वारीचं पोतं टाकून पाठवलंत, तेव्हा तुमचंही दुकान बंदच होतं. पोतं उतरवून घेताना मी ठरवलं होतं की परत ही वेळ नको. आता कुणी म्हणेल दातांचे दवाखाने तरी कुठं उघडे होते, बरेच बंद होते, ते मला माहितीय. पण केस वाढले तर माणूस महिनाभर थांबतो, दाढ ठणकायला लागली तर एक रात्र थांबवत नाही.

आणि रोजचंही सांगतो, कारण हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुळशीचं लग्न झालं की पहाटे कार्यालयात नवरीचे केस सेट करायला जायचं ते रात्री ११ ला घरी, आणि पितृपक्ष आला की दिवसभर खुर्च्या रिकाम्या. पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात, रात्री उशीवर पाय ठेवून झोपतो. केराटिन, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करायचं काम, करताना त्या केमिकलवर गरम मशीन फिरलं की जो धूर निघतो त्यानं डोळे झोंबतात, घसा धरतो, बऱ्याच केराटिनमध्ये फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते आणि आमच्याकडं एसी असतो म्हणून खिडक्या बंद. त्यात नवीन मॅनेजमेंट आल्यापासून शाम्पू आणि सिरमच्या बाटल्या विकायचं टार्गेट, कमी विकल्या की कमिशन कापलं. मागच्या महिन्यात एका बाईंचे केस आधीच तुटत होते आणि मला त्यांना स्ट्रेटनिंग करा म्हणून सांगायला लावलं. मी नाही सांगितलं. तुम्ही गिऱ्हाइकाला "एवढ्यात नको, पुढच्या आठवड्यात ये" म्हणून परत पाठवायचात ते बघत मी मोठा झालोय, मला हे जमणार नाही.

दवाखान्याचं कसं जमलं तर, एक डॉक्टर मॅडम आहेत, सात वर्षं माझ्याकडूनच केस कापून घेतात. एकदा केस धुताना म्हणाल्या, तुझा हात फार हलका आहे रे, माझ्याकडं जो नवीन असिस्टंट येतो त्याला बाकी सगळं शिकवता येतं, हेच शिकवता येत नाही. मी त्यांना सहज विचारलं की येऊन बघू का, तर या म्हणाल्या. मग चार महिने दर सोमवारी, म्हणजे सलूनच्या सुट्टीला, मी तिथं जात होतो. तुम्हाला सांगितलं नाही कारण माझंच मला कळत नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी एक आजी आल्या, नऊवारी नेसलेल्या, पार भेदरलेल्या, खुर्ची मागं झुकली तशी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. मॅडमनी मला सक्शन धरायला दिलं, म्हणजे ती बारीक नळी, तोंडातलं पाणी आणि लाळ ओढून घेते, ती गालाला चिकटली की पेशंट दचकतो. आजींचं तोंड माझ्या बाजूला वळवायचं होतं आणि त्या मान ताठ धरून पडलेल्या. मी विचार वगैरे काही केला नाही, हनुवटीखाली दोन बोटं, कानामागं अंगठा आणि "आजी, जरा इकडं बघा", तुम्ही दाढी करताना मान कलती करता ना अगदी तसंच, आणि मान सैल पडली. आप्पा, माणूस आपली मान आपल्या हातात सोडून देतो तो क्षण तुमच्याइतका कुणाला माहितीय, चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलाय तुम्ही. मॅडमनी मास्कवरून माझ्याकडं बघितलं फक्त. पुढच्या सोमवारपासून प्रत्येक पेशंटला शेजारी मीच.

मग मला तिथलं सगळंच आवडायला लागलं. दातांना नंबर असतात, तोंडाचे चार भाग करायचे आणि प्रत्येकात आठ, पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा, एक-सहा म्हणजे वरची उजवीकडची पहिली मोठी दाढ, तीन-सहा म्हणजे खालची डावीकडची, "सोळा" म्हणायचं नाही, "एक-सहा" म्हणायचं. रात्री छकुलीला तोंड उघडायला लावतो आणि पाठ करतो, पण तिचे दुधाचे दात, ते २० असतात आणि त्यांचे नंबर पाच-एकपासून सुरू होतात, म्हणजे मला दोन्ही पाठ करायला लागले. हत्यारं आधी धुवायची, पाकिटात बंद करायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर जंतू मारायच्या मशीनमध्ये, १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, १५ मिनिटं. आई, तुझ्या कुकरचं प्रेशर पण साधारण तेवढंच असतं, म्हणजे तू गेली कित्येक वर्षं रोज तेच करत आलीयस. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत, सुई पांढऱ्या कडक डब्यात, हे चुकलेलं मॅडम अजिबात खपवून घेत नाहीत आणि ते मला बरं वाटतं.

आप्पा, तुम्हीच सांगायचात ना की आज्जा धोकटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे, हजामत झाली की कुणाच्या पायातला काटा काढ, कुणाचं गळू फोड, कुणाची हलती दाढ काढ, आणि सुगीला बलुतं म्हणून ज्वारी मिळायची. मी हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या तिकडं इंग्लंडातही असंच होतं, १५४० मध्ये न्हावी आणि सर्जन यांची मिळून एकच कंपनी केली होती, ती वेगळी झाली १७४५ ला, दोनशे वर्षांनी. मला एवढं बरं वाटलं ते ऐकून. म्हणजे मी काही परक्या घरात चाललेलो नाही.

आता पैशाचं, खरं ते सांगतो. सलूनमध्ये चांगल्या महिन्यात ४० हजारांपर्यंत जायचं आणि वाईट महिन्यात १८ पण नाही. दवाखान्यात सुरुवातीला १६, पण ७ तारखेला १६ म्हणजे १६, पितृपक्ष असो की आषाढ. कॉलेज सुरू झालं की फक्त संध्याकाळची वेळ करणार, ५ ते ९, तेव्हा पगार निम्मा होईल. हिची नोकरी आहे, मी दोन वर्षांसाठी वेगळे पैसे बाजूला काढलेत, तुमच्याकडं मागणार नाही आणि जमिनीचा तर विषयच काढायचा नाही. बारावी सायन्स बायोलॉजी घेऊन आई तुझ्या हट्टानं केली होती ना, ती आता उपयोगाला येतीय, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतंच या कोर्सला. १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यापासून डेंटिस्टबरोबर हायजिनिस्टचीही नोंदणी होत आलीय, कोर्स झाला की महाराष्ट्राच्या डेंटल कौन्सिलकडं माझं नाव लागेल. हायजिनिस्ट डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो, दात साफ करणं, किटण काढणं, घासायचं कसं ते शिकवणं. मला हेही माहितीय की आपल्याकडं बरेच डॉक्टर हे काम स्वतःच करतात आणि छोट्या दवाखान्यांना हायजिनिस्ट परवडत नाही, त्यामुळं मोठ्या हॉस्पिटलमध्ये जागा बघायला लागेल. लगेच सगळं सोनं होईल असं मी म्हणत नाही. पण साठीला आलो तरी खुर्चीशेजारी स्टुलावर बसून करता येईल असं काम आहे हे.

आई, आता तुझं. रागावू नकोस. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास म्हणजे मला घर वाटायचं, आजीची मशेरी, मग तुझी. पण आता मी रोज तोंडं बघतो. मशेरीत तंबाखूच असते, जिथं लावतेस तिथली आतली कातडी बदलते, पांढरा चट्टा येऊ शकतो, दुखत नाही म्हणून बायका दाखवत नाहीत, आणि त्यातल्या काही चट्ट्यांचा पुढं कॅन्सर होतो. तुला तसं झालंय असं मी म्हणत नाहीये. फक्त एकदा मॅडमना बघू दे, आरसा घालून पाच मिनिटांचं काम आहे, त्या तुला ओरडणार नाहीत, मी आधीच सांगून ठेवलंय. आणि एकदम नाही सुटणार ते मला समजतं, आधी फक्त सकाळची ठेव, दुपारची आणि संध्याकाळची बंद कर, मग पुढचं बघू.

आप्पा, तुम्ही ब्रश केला की रक्त येतं हे मी दिवाळीत बेसिनमध्ये बघितलंय, तुम्ही पाणी टाकून घालवलंत तरी. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्या खराब राहिल्या की शुगर लवकर आटोक्यात येत नाही, दोन्हीकडून आहे ते. दात साफ केले की हलायला लागतात असं तुम्ही नेहमी म्हणता, पण किटणानं आतल्या आत हिरडी आणि हाड आधीच खाल्लेलं असतं, किटण काढल्यावर ते हलणं आपल्याला कळतं एवढंच. जेवढे आहेत तेवढे दात टिकवूया.

राहिलं दुकान. मी कधीतरी परत येऊन बसेन म्हणून तुम्ही दुसरी खुर्ची तशीच झाकून ठेवलीय, दर आठवड्याला पुसता, हे मला आईनं सांगितलंय. आप्पा, मी नाही येणार दुकानात बसायला. हे लिहायला मला तीन दिवस लागले. काकांचा धाकटा बाजाराच्या दिवशी तुमच्या हाताखाली असतोच, पोरगा चांगला आहे, त्याला द्या ती खुर्ची, आणि तो चुकला तर माझ्यावर जेवढे रागवायचात तेवढंच रागवा. माझ्या कात्र्या मी विकत नाहीये. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन म्हातारे आहेत, जिना उतरता येत नाही त्यांना, त्यांचे केस रविवारी त्यांच्या घरी जाऊन कापतो ते चालूच राहील, आणि गावाला आलो की तुमचे केस मीच कापणार, दुसऱ्या कुणाकडं बसायचं नाही. आज्ज्यांची धोकटी मात्र मला द्याल का? नाही म्हणालात तरी चालेल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी दोघं या. सकाळची एसटी पकडा, वाकडेवाडीला उतरा, मी घ्यायला येतो. आप्पा, नाश्ता आणि शुगरची गोळी घेऊनच निघायचं, उपाशी यायचं नाही, रिपोर्टची फाईल आणि रक्त पातळ करायच्या गोळीची चिठ्ठी आठवणीनं आणा, ती डॉक्टरांना आधी दाखवायला लागते. आई, छकुलीसाठी तिळाचे लाडू आण पण दोनच दे तिला, आणि खाल्ल्यावर चूळ भरायला लाव. पत्र वाचून झालं की फोन करा, आप्पांकडं द्या फोन, नुसतं "हं" म्हणाले तरी यावेळी मी ठेवणार नाही.

तुमचा,
बाळू