दात उजळतात, भरलेले सिमेंट उजळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो : लग्नाला आठ-दहा दिवस राहिले आहेत, तेवढ्यात दात पांढरे करून मिळतील का? लग्नसराईच्या पुरवण्यांतून एका बैठकीत दात शुभ्र करून देण्याच्या ज्या जाहिराती येतात, त्या वाचूनच बहुतेक जण आलेले असतात. तोंडात आधीपासून असलेल्या सिमेंटचे, कॅपचे आणि चांदीचे या उपचारात काय होते, याविषयी त्या जाहिरातींत मला आजवर एक ओळही आढळलेली नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

दात उजळवणाऱ्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असते. ते दाताच्या वरच्या कवचातून आतल्या थरापर्यंत झिरपते आणि तेथे साठलेल्या रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करते, त्यामुळे नैसर्गिक दात खरोखरच फिकट होतो. दाताच्या रंगाच्या सिमेंटला, म्हणजे कॉम्पोझिटला, मात्र त्याचा रंग कारखान्यातच मिळालेला असतो. जेलमुळे त्यावरचे चहाचे डाग फार तर निघतील, पण मूळ छटा दाताइतकी बदलत नाही. सिरॅमिकच्या कॅपचेही तेच.

काही वर्षांपूर्वी एक तरुणी लग्नाला पाच दिवस उरले असताना माझ्याकडे आली. शाळेत असताना पडून तिच्या वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा तुटला होता आणि तो कॉम्पोझिटने इतका चांगला बांधलेला होता की आजवर कोणाच्या लक्षातही आला नव्हता. दुसरीकडे दात उजळून घेतल्यावर नेमका तोच कोपरा पिवळा दिसू लागला. तो तातडीने बदलून देण्याची तिची विनंती मला नाकारावी लागली, कारण उपचारानंतर काही दिवस पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन दातात शिल्लक राहतो, तो कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही आणि दाताशी त्याची पकड कच्ची राहते. शिवाय नुकताच उजळलेला दात कोरडा पडल्यामुळे असतो त्यापेक्षा अधिक पांढरा दिसतो. त्याची खरी छटा स्थिरावल्याशिवाय तिला जुळणारे सिमेंट निवडता येत नाही. या दोन्ही कारणांसाठी साधारण 2 आठवडे थांबावे लागते. लग्नाच्या छायाचित्रांत मुलगी ओठ मिटूनच उभी आहे, असे तिच्या आईने नंतर सांगितले, त्याचे मला आजही वाईट वाटते. जेल लावण्यापूर्वी दोन वाक्ये कोणी बोलले असते, तर हे टळले असते.

रंगाचा प्रश्न निदान दिसतो तरी. न दिसणारा प्रश्न जुन्या सिमेंटच्या कडेचा आहे. ती कड सुटलेली असेल किंवा शेजारी कीड असेल, तर जेल त्या फटीतून दाताच्या नसेजवळ पोहोचते आणि कळ येते. धड दातांनाही या उपचारानंतर काही दिवस ठणका लागू शकतो, मग गळक्या सिमेंटखालच्या दाताची गोष्ट वेगळी सांगायला नको. अशा दातांची डागडुजी आधी करावी, त्यासाठी तात्पुरते सिमेंट वापरले तरी चालते, आणि कायमचे, रंग जुळवलेले सिमेंट उपचारानंतरच भरावे.

चांदीविषयी थोडे जपून लिहितो. चांदी म्हणतात ते ॲमलगम पाऱ्याचे मिश्रण असते, आणि पेरॉक्साइडच्या संपर्कात त्यातून बाहेर पडणारा पारा वाढतो, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत आढळले आहे. त्यावरून घाबरून चांगली टिकलेली चांदी उकरून काढण्याचे कारण नाही. जेल समोरच्या दातांपुरते ठेवले आणि दाढांवर पसरू दिले नाही, की काम भागते. त्याचप्रमाणे, या उपचाराने कॉम्पोझिट खराबच होते असेही मी म्हणणार नाही. पृष्ठभाग खडबडीत होण्याविषयीचे निष्कर्ष जेलच्या तीव्रतेनुसार आणि सिमेंटच्या प्रकारानुसार निरनिराळे आले आहेत.

युरोपीय संघात 31 ऑक्टोबर 2012 पासून 0.1 टक्क्याहून अधिक आणि 6 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकता येतात आणि 18 वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत. दवाखान्यात वापरले जाणारे जेल 35 टक्क्यांपर्यंतही तीव्र असते. आपल्याकडे घरच्या घरी दात उजळवण्याचे संच मोबाइलवरून मागवता येतात, आणि मागवणाऱ्याच्या तोंडात किती सिमेंट आहे हे कोणी विचारत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, कोणत्या दातांत सिमेंट किंवा कॅप आहे, त्यांचा रंग बदलणार नाही आणि ते नंतर बदलायचे झाल्यास किती खर्च येईल, हे रुग्णाला आधी कागदावर लिहून द्यावे. आपण पुरवण्यांतील जाहिरातदारांकडे एवढ्याच मजकुराच्या एका ओळीचा आग्रह धरलात, तर पुष्कळ उपयोग होईल. चहाचे, तंबाखूचे किंवा मिश्रीचे डाग असलेल्या अनेकांचे काम तर नुसत्या दातांच्या सफाईवर भागते. ज्यांच्या समोरच्या दातांत सिमेंट आहे आणि ज्यांना तरीही दात उजळून घ्यायचे आहेत, त्यांनी मुहूर्ताच्या किमान दीड महिना आधी तपासणीला यावे : घरी दातांवर बसणाऱ्या साच्यात, म्हणजे ट्रेमध्ये, सौम्य जेल घालून करावयाच्या उपचाराला 2 ते 3 आठवडे लागतात, पुढचे 2 आठवडे थांबण्यात जातात आणि नवे सिमेंट त्यानंतर बसते.

आपला विश्वासू,
एक दंतवैद्य, सांगली