मॅकिनेझ पॅलेसचा इतिहास २००४पासून नव्हे

आपल्या रविवारच्या अंकात पणजीतील चित्रपटगृहांवरील लेखात मॅकिनेझ पॅलेसचे वर्णन ‘इफ्फीसाठी उभारलेली वास्तू’ असे झाले आहे. ही चूक दुरुस्त व्हावी. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, तेव्हा या वास्तूचे फक्त नूतनीकरण झाले. मूळ वाडा १७०२चा, मॅकिनेझ बंधूंचा. १८४२ साली सुरू झालेली वैद्यकशाळा पुढे याच आवारात आली आणि तिचेच पुढचे रूप असलेले गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) बांबोळीला जाईपर्यंत गोव्यातल्या कित्येक पिढ्यांनी इथेच उपचार घेतले.

मांडवीवरचा पूल १९८६ साली कोसळला, त्या पावसाळ्यात माझे आजोबा इथे दाखल होते. आई नदीपलीकडच्या बेतीहून फेरीबोटीने यायची, स्टीलच्या डब्यात पेज आणि वर तोराचे, म्हणजे कोवळ्या कैरीचे, लोणचे. डबा पदराखाली धरलेला, तरी झाकणावर पावसाचे पाणी असायचेच. गेल्या महिन्यात त्याच आवारात चित्रपट पाहायला गेलो, तेव्हा शेजारच्या तरुणांना हे कधीकाळी इस्पितळ होते याची कल्पनाही नव्हती.

इमारत नीट राखली याचे समाधान आहेच, आणि ते मोठे आहे. पण तिकीट खिडकीजवळ मराठी व कोंकणीतून या वास्तूची माहिती देणारा ठळक फलक सरकारने लावावा. येत्या महोत्सवाआधी हे सहज होण्यासारखे आहे.

– एक वाचक, बेती-बार्देश